यादीत नसलेलं नाव : बांगलादेशातल्या हापशांचं प्रकरण

बांगलादेशात हापसा बसवायला यंत्र लागत नाही. बांबूची परांची उभी करतात, खाली एक लहानसा खड्डा खणतात आणि त्यात शेण कालवलेलं पाणी ओततात. परांचीवर बसलेला कारागीर लोखंडी नळीच्या तोंडावर तळहात ठेवतो. खाली दोघं-तिघं बांबूच्या तरफेने नळी उचलतात आणि सोडतात. नळी वर जाताना तळहात घट्ट, खाली येताना सैल. हातच झडपेचं काम करतो. प्रत्येक ठोक्याला नळीच्या तोंडातून गढूळ पाणी उसळतं आणि त्यासोबत खालची वाळू वर येते. कारागीर ती बोटांत चोळून बघत राहतो : बारीक की भरड, करडी की तांबूस. भरड वाळू लागली की लोखंडी नळी काढून प्लास्टिकची उतरवायची, वर बिडाचा हापसा बसवायचा. दिवसा-दोन दिवसांत अंगणात पाणी.

अशा हापशांच्या पाण्यात पुढे आर्सेनिक हे विष निघालं. त्या प्रकरणाकडे आधी असं कारागिराच्या उंचीवरून बघायला हवं, कारण ते एरवी फार वरून सांगितलं जातं : जागतिक संस्था, कोट्यवधी लोक, इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा. हे शेवटचे शब्द अतिशयोक्तीचे नाहीत. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात अ‍ॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेचं वर्णन तसंच केलं. साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका आहे, असा त्यांचा अंदाज होता. पण विष कुणी ओतलं नव्हतं आणि कुणाचा हेतूही वाईट नव्हता. उलट विकासाच्या कामात ज्याला आदर्श यश म्हणतात, तसंच हे काम होतं. म्हणून तर ते अभ्यासण्याजोगं आहे.

यश

१९७०च्या दशकात बांगलादेशातली खेडी मुख्यतः तळ्यांचं आणि उघड्या विहिरींचं पाणी पीत होती. त्याच तळ्यात आंघोळ, भांडी, गुरं. पटकी आणि हगवणीने मुलं दगावत होती. युनिसेफने सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाला बरोबर घेऊन हापसे बसवायला सुरुवात केली. जमिनीखालचं पाणी वाळूतून गाळून येतं, त्यात जंतू नसतात, म्हणून ते सुरक्षित. संदेश सोपा होता आणि तो पोचला. इतका पोचला की सरकारी हापशाची वाट न बघता लोक स्वतःच्या पैशाने हापसे बसवू लागले. वीसेक वर्षांत देशात लक्षावधी हापसे झाले आणि त्यांतले बहुसंख्य खासगी होते.

याचं श्रेय नुसतं स्वस्त नळीला देऊन चालणार नाही. घरच्या अंगणात हापसा असणं ही बाईच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. लांब जायला नको, परक्या पुरुषांच्या नजरेखालून जायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. हापसा ही घराची पत झाली. आरोग्याचा संदेश सरकारने दिला, पण तो लोकांनी उचलला तो स्वतःच्या कारणांसाठी. पुढे जे घडलं ते समजायला हा मुद्दा लागणार आहे.

१९९७ साली युनिसेफने नोंदवलं की २००० पर्यंत ८० टक्के लोकांना 'सुरक्षित' पाणी पुरवण्याचं उद्दिष्ट मुदतीआधीच ओलांडलं गेलं आहे. आज ते अवतरणचिन्ह फार बोचतं. त्या वर्षी त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं सरकारी पातळीवर सिद्ध होऊन चार वर्षं उलटली होती.

असे अहवाल लिहिण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. 'किती बसवले' याला रकाना असतो. 'किती लोकांना लाभ' यालाही असतो; तिथे बसवलेल्यांचा आकडा घ्यायचा आणि एका हापशामागे ठरलेल्या माणसांच्या संख्येने गुणायचं. 'आतून काय येतं' याला रकाना नसतो. रकाना नसला की खोटं लिहावं लागत नाही. सगळे आकडे खरे असूनही अहवाल खोटा असू शकतो.

कोलकात्यातला त्वचारोगतज्ज्ञ

आर्सेनिक मराठी माणसाला वेगळ्या नावाने ठाऊक आहे. गोष्टींतल्या दुधात कालवतात तो सोमल हे त्याचंच एक रूप. पण हापशातलं आर्सेनिक एका घोटाने मारत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दहा-दहा वर्षं पाणी प्याल्यावर छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे गडद-फिकट ठिपके उमटतात. मग तळहात आणि तळपाय जाड होतात, त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी येतात, भेगा पडतात. पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग. हातपाय असे झालेला माणूस गावाला महारोगी वाटतो आणि गाव त्याच्याशी तसंच वागतं. मुलीचं लग्न ठरत नाही, लग्न झालेलीला माहेरी पाठवतात.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्यापुढे असे रुग्ण यायला लागले. महारोगासारखं दिसतंय पण महारोग नाही, हे त्यांनी ओळखलं आणि मूळ पश्चिम बंगालमधल्या हापशांच्या पाण्यात असल्याचं दाखवलं. १९८७ पर्यंत त्यांच्या रुग्णांत सीमेपलीकडून आलेली माणसंही होती. गंगेचा त्रिभुज प्रदेश सीमेवर थांबत नाही. इकडे जो गाळ तोच तिकडे.

आजार काही नवा नव्हता. तैवानच्या किनारी गावांत विहिरीच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची पाहणी १९६८ साली प्रसिद्ध झाली होती. ३७ गावं, ४०,४२१ माणसं. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्येच घातली होती. ती आधी लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम होती, १९६३ साली ५० झाली आणि १९९३ साली १०. म्हणजे बांगलादेशात हापसे बसत होते तेव्हा आर्सेनिक मोजायचं का आणि किती चालतं, दोन्ही कागदावर होतं. युनिसेफची नंतरची बाजू अशी की त्या काळी भूजलाच्या नेहमीच्या चाचण्यांत आर्सेनिक धरलं जात नसे. हे खरंही आहे. ज्ञान कर्करोगाच्या नियतकालिकांत होतं आणि हापसे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे. एका विद्यापीठाच्या दोन इमारतींत जेवढं अंतर असतं तेवढंच हे अंतर, पण ते ओलांडणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

१९९३ साली चापाई नवाबगंज जिल्ह्यातल्या बारघरिया इथे सरकारी विभागाने पहिल्यांदा आर्सेनिक असल्याची खात्री करून घेतली. १९९५ साली कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद झाली. जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी, ढाका कम्युनिटी हॉस्पिटलचे डॉक्टर गावोगाव फिरत, नमुने गोळा करत, ओरडत राहिले. देशभरची तपासणी सुरू व्हायला नव्वदचं दशक संपत आलं.

ज्या यादीत आर्सेनिक नव्हतं

आता या प्रकरणाचा गाभा.

१९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाची एक छोटी पाहणी केली. पैसे ब्रिटनच्या परदेशी मदतीच्या खात्यातून आले होते. भूजलाचं रसायन कसं आहे आणि ते माशांना व माणसांना अपायकारक ठरू शकतं का, हे बघायचं होतं. १५० नळविहिरींचे नमुने घेतले. अनेक मूलद्रव्यांच्या चाचण्या झाल्या, त्यांत विषारी मूलद्रव्यंही होती. आर्सेनिकची चाचणी झाली नाही. अहवालात तपासलेल्या मूलद्रव्यांची यादी होती आणि आर्सेनिक त्या यादीत नाही, हे जाणकाराला वाचता आलं असतं. पण जे तपासलं नाही त्याची यादी कुणी छापत नाही. अहवाल ढाक्यातल्या सरकारी खात्यांकडे गेला.

दहा वर्षांनी ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातल्या एका माणसाने लंडनमध्ये दावा लावला. त्याला आर्सेनिकची बाधा झाली होती आणि त्याच्यामागे तशाच शेकडो लोकांचे दावे रांगेत होते. म्हणणं असं : तुम्ही विषारी घटक तपासायला आलात, आर्सेनिक तपासलं नाहीत आणि तुमचा अहवाल वाचून सरकारला वाटलं की पाणी ठीक आहे. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने दावा चालू द्यायचं ठरवलं, २००४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला आणि ५ जुलै २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, एकमताने त्यावर शिक्का मारला. लॉर्ड हॉफमन यांच्या निकालाचा आशय असा की बांगलादेशच्या सरकारप्रती किंवा जनतेप्रती काहीही करण्याचं बंधन या संस्थेवर नव्हतं. तिने जे केलं आणि जे लिहिलं त्याबद्दल तिला जबाबदार धरता येईल. जे केलं नाही त्याबद्दल नाही. देशाच्या पाणीपुरवठ्यावर तिचा ताबाही नव्हता.

कायद्याच्या नजरेने निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. उद्या एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाने खडकांवर प्रबंध लिहिला आणि त्यात नसलेल्या गोष्टीसाठी जगातल्या कुणीही त्याला कोर्टात खेचायचं म्हटलं, तर संशोधन कुणी करणार नाही. हे मला पटतं. तरी निकाल पुन्हा वाचताना दरवेळी एका ठिकाणी मन अडकतं. पाहणीला पैसे देणारं ब्रिटिश खातं होतं, म्हणून संस्था उत्तरदायी त्या खात्याला. खातं उत्तरदायी ब्रिटिश संसदेला. सरकारी विभाग उत्तरदायी मंत्रालयाला आणि देणगीदारांना. युनिसेफ उत्तरदायी देणाऱ्या देशांना. या साखळीत ब्राह्मणबाडियाचा तो माणूस नेमक्या कोणत्या कडीला उभा आहे, हे शोधायला तो लंडनपर्यंत गेला आणि कुठल्याच कडीला नाही, असं उत्तर घेऊन परतला. मदत ही मदत असते, करार नसतो. हापसा बाजारात विकत घेतला असता तर निदान दुकानदाराशी भांडता आलं असतं.

पण ही संस्था सहज बदनाम करण्याजोगी नाही, कारण पुढचं काम तिनेच केलं. १९९८ ते २००१ या काळात बांगलादेशच्या त्याच सरकारी विभागाबरोबर, पुन्हा ब्रिटिश मदतीवर, तिने देशभरातल्या ३,५३४ विहिरींची काटेकोर पाहणी केली. १५० मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत ५० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक होतं, ४६ टक्क्यांत १०च्या वर. खोल विहिरी जवळजवळ स्वच्छ होत्या. या विषयावरचा कुठलाही गंभीर लेख आजही त्या पाहणीचा आधार घेतो. १९९२ मध्ये डोळा चुकला आणि २००१ मध्ये तोच डोळा सर्वांत तीक्ष्ण ठरला. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आर्सेनिक शोधायला सांगून पैसे दिले होते.

लाल आणि हिरवा

जागतिक बँकेच्या आणि स्विस मदतीवर १९९८ साली एक मोठा प्रकल्प सुरू झाला आणि जवळपास ५० लाख हापसे तपासले गेले. चाचणीचा संच साधा होता. बाटलीत पाणी, त्यात आम्ल आणि जस्ताची भुकटी. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि झाकणात अडकवलेल्या, पाऱ्याच्या क्षाराने माखलेल्या कागदाच्या पट्टीला पिवळा ते तपकिरी रंग देतो. मग पट्टी काढून रंगांच्या तक्त्याशी ताडून बघायची. ढगाळ सकाळी, अंगणात, चारचौघं आजूबाजूला उभे असताना फिकट पिवळा कुठे संपतो आणि जरा गडद पिवळा कुठे सुरू होतो, हे एका कंत्राटी तरुणाने ठरवायचं. आणि त्यावरून हापशाच्या तोंडाला रंग फासायचा : ५०च्या वर लाल, खाली हिरवा. जवळपास २९ टक्के हापसे लाल झाले. जादवपूरच्या गटाने २००२ साली दाखवून दिलं की हे संच बरेचदा चुकतात आणि सर्वाधिक चुकतात ते नेमके सीमारेषेजवळ.

चुका धरूनही हा प्रकल्प म्हणजे या साऱ्या प्रकरणातलं बहुधा सर्वांत उपयोगी काम होतं, असं माझं मत आहे. कारण आर्सेनिक सरसकट पसरलेलं नसतं. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने आराईहाजार भागात सुमारे ६,००० हापसे तपासले तेव्हा दिसलं की एकाचा लाल आणि शेजाऱ्याचा हिरवा, असं सर्रास आहे. दूषित हापसा असलेल्या ८८ टक्के घरांपासून १०० मीटरच्या आत चांगलं पाणी होतं. कसलंही गाळणयंत्र नको, नवी टाकी नको. शेजारी जा आणि घागर भरून आणा.

शेजारी जा! हे दोन शब्द लिहिणाऱ्याला शेजार म्हणजे काय ते माहीत नसावं. ज्या गोष्टीतून सुटण्यासाठी घराने पदरमोड करून हापसा घेतला होता, तिथेच बाईला परत पाठवायचं होतं. दुसऱ्याच्या वाड्यात शिरायचं, रोज दोन-तीनदा, रिकामी घागर घेऊन. आधी त्यांनी भरायचं, मग आपण. जमिनीचं भांडण झालं की पाणी बंद. भूगोलाच्या अभ्यासक फरहाना सुलताना यांनी या मागण्याच्या मिंधेपणावर, त्यात कुणाला मान मिळतो आणि कुणाला बोलणी खावी लागतात, यावर बारकाईने लिहिलं आहे. तरीही लाखो घरांनी ते केलं. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, धोक्यातल्या लोकांपैकी सुमारे २९ टक्के नुसत्या हापसा बदलण्याने सुटले होते आणि सुमारे १२ टक्के खोल विहिरींमुळे. वाळूच्या गाळण्या, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, महागडी गाळणयंत्रं यांचा वाटा फार थोडा. छायाचित्रं मात्र बहुतेक त्यांचीच निघाली, कारण शेजारणीकडे पाणी भरायला गेलेल्या बाईच्या फोटोखाली देणगीदाराचं चिन्ह कुठे लावणार?

आणि एवढं झाल्यावर एक उलटा धक्का. २०११ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने बारिसाल भागातल्या आकड्यांवरून असा निष्कर्ष मांडला की ज्या घरांना हापसा सोडायला लावला, त्यांच्यात बालमृत्यू २७ टक्क्यांनी वाढले. लांबून आणलेलं पाणी घागरीत साठवायचं, हात बुडायचे किंवा पुन्हा तळ्याकडे वळायचं. जुनी हगवण परत आली. एका अभ्यासावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. पण आर्सेनिकवाले आर्सेनिक मोजतात आणि हगवणवाले हगवण, हा मूळ दोष दुरुस्तीच्या कामातही जसाच्या तसा उतरला होता, एवढं त्यातून दिसतं. सत्तरच्या दशकात जंतू बघताना विष सुटलं होतं. आता विष बघताना जंतू सुटले.

विषावर वाढलेलं संशोधन

विद्यापीठांबद्दल बोलायला जरा अवघड जातं, कारण या प्रकरणात जे कळलं ते त्यांच्याचमुळे कळलं.

आर्सेनिक पाण्यात येतं कसं, यावर नव्वदच्या दशकाअखेर मोठा वाद झाला. एका मताप्रमाणे शेतीसाठी बेसुमार उपसा झाल्यामुळे पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि गाळातलं गंधकयुक्त खनिज फुटून आर्सेनिक सुटलं. दुसरं मत १९९८ साली 'नेचर'मध्ये आलं. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो, त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाडली गेलेली झाडंझुडपं कुजताना प्राणवायू संपतो, मग जिवाणू लोहाच्या ऑक्साइडवर गुजराण करतात, लेप विरघळतो आणि आर्सेनिक मोकळं होतं. आज हेच मत सर्वमान्य आहे. वाद शास्त्रीय होता, पण पहिल्या मतात दोषी उपसा ठरत होता आणि दुसऱ्यात हजारो वर्षांचा निसर्ग, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना नीट कळत होतं. खरं-खोटं शेवटी वाळूच्या कणांवरच ठरलं, हे बरं झालं.

आराईहाजारमध्ये २००० सालापासून सुमारे १२,००० माणसांवर एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. रक्त, लघवी, पाणी, आजार, मृत्यू, सगळ्याची नोंद. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला : अभ्यासातल्या सर्व मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमच्या वरच्या आर्सेनिकशी लावता येतो. कमी प्रमाणातलं आर्सेनिक किती मारतं, हे जगाला अशा स्पष्ट आकड्यात कळलं. अमेरिकेतल्या खासगी विहिरींच्या चर्चेतही हे पुरावे वापरले जातात. या गटाने लोकांना त्यांच्या पाण्याचे निकाल सांगितले, हापसा बदलायला मदत केली, दवाखाना चालवला. 'माणसांना प्रयोगातले उंदीर केलं' असा सरसकट आरोप कुणी केला तर तो मी मान्य करणार नाही.

पण असा अभ्यास एका विचित्र पायावर उभा असतो. विष प्यायलेली पुरेशी माणसं नसतील तर तुलना होत नाही, आणि सगळ्यांनी विष पिणं थांबवलं तर आकडे पातळ होतात. कुठलाही संशोधक असं म्हणत नाही, मनातही आणत नसेल. पण रचना तशीच आहे. आणखी एक असमानता डोळ्यांवर येते. एका भागात पंधरा-वीस वर्षं दर विहिरीचं पाणी, दर माणसाची लघवी तपासली जाते. तिथून काही मैलांवर एकदाही कुणी बाटली घेऊन येत नाही. रोगाचं प्रमाण कुठे जास्त यावरून हे ठरलं नाही, अनुदान कुठे मिळालं यावरून ठरलं. पदव्या, शोधनिबंध, पारितोषिकं यांचंही तेच. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांना त्यांच्या साध्या बादल्यांच्या गाळणयंत्राबद्दल २००७ साली अमेरिकेत १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. ते त्यांना मिळालं याचा आनंदच आहे. पण हापशाचा रंग उडाल्यावर पुन्हा रंग लावायला पारितोषिक नसतं.

रंग उडतो

रंग खरंच उडाला. बिडाच्या हापशावरचा रंग बंगालच्या पावसात किती वर्षं टिकणार? तपासणीची मोहीम २००३च्या सुमारास संपली आणि प्रकल्प २००६ मध्ये बंद झाला. देश मात्र हापसे बसवत राहिला. नवी सून आली, वाटण्या झाल्या, जुना पंप बिघडला की नवी नळी. या नव्या लक्षावधी हापशांना ना लाल ना हिरवा. प्रकल्पाला शेवटची तारीख असते, गाळाला नसते.

२०१६ साली ह्यूमन राइट्स वॉचने मांडलं की अजून सुमारे २ कोटी लोक देशाच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त आर्सेनिकचं पाणी पीत आहेत. जागतिक मर्यादेनुसार आकडा आणखी वाढतो. त्याच अहवालात खोल विहिरींचं राजकारण आहे. सरकारी खोल विहीर ही महागडी गोष्ट, गाव स्वतःच्या पैशाने ती सहसा बसवू शकत नाही. नव्या विहिरींच्या जागांपैकी निम्म्यांवर खासदाराचं वजन चालेल, अशी पद्धतच पडली होती. मग सार्वजनिक विहीर कार्यकर्त्याच्या परसात निघते, कुंपणाच्या आत. परदेशी देणगीदाराच्या वहीत तिथे एक 'जलस्रोत' आणि त्यापुढे लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा. पुन्हा तोच गुणाकार.

चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब भागात स्वीडिश आणि बांगलादेशी संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत वेगळं काहीतरी केलं. त्यांनी कारागिरांना विचारलं. कारागीर वाळूचे चार रंग ओळखतात : काळी, पांढरी, मळकट पांढरी आणि लाल. लाल किंवा मळकट पांढऱ्या वाळूतलं पाणी चांगलं, त्याने भांडी तांबूस होत नाहीत, लोखंडाची चव लागत नाही, हे त्यांना आर्सेनिकचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून पाहिलं. काळ्या वाळूत आर्सेनिक जास्त, लाल आणि मळकट पांढऱ्या वाळूत फार कमी. काळी वाळू म्हणजे लोहाचा लेप विरघळून गेलेला गाळ, लाल म्हणजे लेप शाबूत असलेला. 'नेचर'मधला वाद ज्या कणावर सुटला, तोच कण परांचीवरच्या माणसाच्या बोटांत होता.

आता तिथे काही कारागीर लाल वाळू लागेपर्यंत थांबत नाहीत. त्यासाठी कधी दहा हात जास्त खोल जावं लागतं, तर कधी काळ्या थरावरच काम आटोपलं असतं तिथे नळीचे आणखी दोन तुकडे लागतात. ते पैसे घरवाल्याने द्यायचे असतात. कारागीर वरून ओरडून विचारतो, अजून जाऊ का, आणि खालचा माणूस उरलेल्या नळ्या मोजतो.